मागच्या चाकांवर चालणाऱ्या दमदार गाडीला नवे टायर : आधी गाडी वाचा, मग दुकान गाठा

‘कुठल्या कंपनीचे टायर टाकू?’ लोक हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतात आणि गडबड तिथूनच सुरू होते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या हॅचबॅकला असं करून चालून जातं. पण अडीचशेच्या वर हॉर्सपॉवर मागच्या दोन चाकांवर उतरवणाऱ्या गाडीत चुकीची जोडी पडली, तर पहिल्या पावसात, घाटातल्या वळणातून बाहेर पडताना अॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला की मागची बाजू सरकते. म्हणून कंपनीचं नाव खाली सहाव्या टप्प्यात येतं. त्याआधीच्या पाच टप्प्यांत एक रुपयाचाही टायर घ्यायचा नाही.

उदाहरणासाठी बीएमडब्ल्यूची ३३०आय घेतली आहे. मागच्या चाकांवरची मर्सिडीझ सी-क्लास, जग्वार एक्सई किंवा फोर्ड मस्टँग असली तरी क्रम हाच. फक्त एक खात्री करा. गाडीच्या पाठीवर ‘एक्सड्राइव्ह’, ‘४मॅटिक’ असं काही लिहिलं असेल, तर ती चारही चाकांवर चालते आणि तिचे नियम जास्त कडक असतात. भारतात विकली जाणारी एम३४०आय एक्सड्राइव्हच आहे, तरी ती मागच्या चाकांची आहे असं छातीठोकपणे सांगणारे मालक भेटतात.

टप्पा १ : जुने टायर टाकून देण्याआधी वाचून घ्या

लागणारं सामान : नक्षीची खोली मोजायचा गेज (ऑनलाइन स्वस्तात मिळतो), मोबाइलचा टॉर्च, खडू आणि कागद. गाडी सपाट जागी, टायर थंड.

प्रत्येक टायरवर तीन ठिकाणी खोली मोजा : आतली कड, मधला भाग, बाहेरची कड. चार टायरचे बारा आकडे होतील. ते कागदावर लिहा, डोक्यात ठेवू नका. नव्या टायरची नक्षी साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असते. आपल्याकडे कारसाठी कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे आणि खाचांच्या तळाशी असलेल्या छोट्या पट्ट्या तेवढ्याच उंचीच्या असतात. त्या पट्ट्यांपर्यंत वाट बघणं मागच्या चाकांना परवडत नाही. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, आणि उदाहरणातल्या गाडीला मागे तर २५५ मिलिमीटर रुंदीचा टायर आहे. मागची जोडी ३ मिलिमीटरवर आली असेल आणि मे महिना चालू असेल, तर जूनची वाट बघू नका.

आता आकडे काय सांगतात ते बघा. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत, तर हवा कमी ठेवली जात होती. मध्य झिजला, कडा शाबूत, तर हवा जास्त होती. फक्त आतली कड झिजली असेल, तर चाकाचा कोन बिघडलाय किंवा मागच्या आर्मचे (चाक धरून ठेवणाऱ्या दांड्यांचे) बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, गेलेत.

ही आतली कड फार फसवी असते. ३ सिरीजची मागची चाकं वरून किंचित आत झुकलेली असतात, त्यामुळे झीज आतून होते. बाहेरून उभं राहून पाहिलं तर टायरमध्ये अजून सहा महिने दिसतात. गाडी लिफ्टवर घेऊन टॉर्च मारला की आतल्या बाजूला दोन बोटं रुंदीचा पट्टा आरशासारखा गुळगुळीत दिसतो, आणि कधीकधी रबरातून डोकावणारी तारेची बारीक कुसळं. तिथे उघड्या हाताने चाचपू नका, तार बोटात घुसते. मोबाइल चाकाच्या आत धरून फोटो काढा.

तारीखही बघा. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात : ३११९ म्हणजे २०१९ सालचा ३१वा आठवडा. ही ओळ पूर्ण स्वरूपात टायरच्या एकाच बाजूला असते, म्हणजे ती आतल्या बाजूला गेलेली असू शकते. शनिवार-रविवारीच बाहेर निघणाऱ्या दमदार गाड्यांचा नेमका इथे घोटाळा होतो. वीस-बावीस हजार किलोमीटर झालेत, नक्षी ५ मिलिमीटर आहे, मालक खूश. पण रबर सात वर्षांचं, कडक झालेलं, खाचांच्या तळाशी बारीक चिरा पडलेलं. कोरड्यात ते निभावतं, ओल्यात पकड सोडतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या. चिरा दिसल्या तर नक्षी कितीही शिल्लक असो, टायर बाद.

सावधान : साइडवॉलवर फुगा आला असेल तर तो टायर आजच काढा. खड्ड्यात रिम आणि रस्ता यांच्यामध्ये टायर चिरडला की आतले धागे तुटतात आणि फुगा येतो. तो दुरुस्त होत नाही. टायरवाला ‘आत पॅच मारून देतो’ म्हणाला तर दुकान बदला.

टप्पा २ : झीज ज्यामुळे झाली ते आधी दुरुस्त करा

लोक हा टप्पा हमखास गाळतात आणि पैसे इथेच वाया जातात. जुन्या टायरची आतली कड खाल्ली गेली असेल, तर तेच कारण नव्या टायरलाही खाणार.

गाडी लिफ्टवर असतानाच मागच्या आणि पुढच्या आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि शॉकअबसॉर्बर तपासून घ्या. बुशचं रबर फाटलं असेल, तर कॉम्प्युटरवर अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) अचूक येते, पण रस्त्यावर ब्रेक आणि अॅक्सिलरेटर दाबला की चाक पुन्हा सरकतं. आधी बुश, मग टायर, शेवटी अलाइनमेंट असा क्रम ठेवा. टायरच्या आधी केलेली अलाइनमेंट टायर बदलल्यावर पुन्हा बघावीच लागते.

तपासा : हाताची बोटं नक्षीवरून एकदा बाहेरून आत आणि एकदा आतून बाहेर फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने खरखरीत लागलं, तर चाकांचा ‘टो’, म्हणजे वरून पाहता चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते, बिघडलाय.

टप्पा ३ : माप दरवाजाच्या स्टिकरवरून घ्या

गाडीवर आता जे टायर आहेत तेच मूळ माप, असं समजू नका. सेकंड हँड गाडीत तर मुळीच नाही. ड्रायव्हरचा दरवाजा उघडल्यावर चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर मंजूर मापं आणि हवेचा दाब दिलेला असतो. त्याचा फोटो काढून ठेवा.

अनेक ३ सिरीजवर पुढे २२५/४५ आर१८ आणि मागे २५५/४० आर१८ अशी वेगवेगळी जोडी असते. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा साइडवॉलची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि ‘आर’नंतरचा रिमचा व्यास इंचांत. दोन्ही मापांचा हिशेब एकदा करून बघा. २२५चे ४५ टक्के म्हणजे १०१.२५, दोन्ही बाजू मिळून २०२.५, त्यात १८ इंची रिमचे ४५७.२ मिळवले की चाकाची उंची ६५९.७ मिलिमीटर. मागच्याची तशीच काढली तर ६६१.२. दीड मिलिमीटरचा फरक. एबीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोल याच नात्यावर विसंबून असतात : चारही चाकं जवळपास सारख्या वेगाने फिरताहेत, म्हणजे कुणी घसरत नाही.

आता दुकानदार म्हणतो, ‘साहेब, ४० नाहीये, ४५ टाकू, खड्ड्यांना बरं.’ २५५/४५ आर१८ची उंची ६८६.७ भरते, जवळपास चार टक्के जास्त. गाडीच्या कॉम्प्युटरला मागची चाकं कायम हळू फिरताना दिसतात, गिअरचा हिशेब बदलतो आणि चाक आत घासण्याची शक्यता वेगळीच.

मापानंतरचा आकडा आणि अक्षरही तितकंच महत्त्वाचं. ९९वाय म्हणजे एका टायरवर ७७५ किलोचा भार आणि ताशी ३०० किलोमीटरची क्षमता. ९५ म्हणजे ६९० किलो, ९१ म्हणजे ६१५. एकाच २२५/४५ आर१८ मापात ९१चेही टायर मिळतात आणि ९५चेही. दुकानात दोन्ही एकाच रॅकवर असतात. अक्षरांत व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०. ‘आपल्याकडे २४०ने कोण चालवतं?’ हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. पण हे अक्षर टायर किती उष्णता सहन करतो तेही सांगतं. नागपूरकडच्या मे महिन्यात, समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर, तासन्‌तास एकाच वेगात ही सहनशक्ती खर्च होते. स्टिकरवर किंवा पुस्तिकेत दिलेल्या आकड्याच्या आणि अक्षराच्या खाली उतरू नका. वर गेलात तर चालतं.

टप्पा ४ : रन-फ्लॅट ठेवायचे की सोडायचे

साइडवॉलवर आरएससी, आरएफटी, झेडपी, एसएसआर किंवा आरओएफ यांपैकी काही लिहिलं असेल, तर टायर रन-फ्लॅट आहे. साइडवॉल इतकी जाड की हवा पूर्ण गेली तरी साधारण ताशी ८० किलोमीटरच्या आत ८० किलोमीटरपर्यंत गाडी नेता येते. शेजारी चांदणीची खूण असेल, तर तो टायर बीएमडब्ल्यूसाठी जुळवलेला आहे. मर्सिडीझसाठी ‘एमओ’ ही खूण असते, तर पोर्शासाठी ‘एन’ आणि पुढे एक आकडा.

साध्या टायरवर गेल्यावर गाडी मऊ चालते, टायर स्वस्त पडतो आणि पर्याय वाढतात. हे सगळं खरं आहे. पण डिकी उघडा आणि बघा, स्टेपनी आहे का? नसेल तर साधा टायर घेण्याच्या दिवशीच एअर कॉम्प्रेसर, पंक्चर किट आणि शक्य असेल तर बारीक स्टेपनी, जॅक आणि पाना घ्या. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्यांचं ‘नंतर’ रात्री अकराला आंबेनळी घाटात उजाडतं, आणि साइडवॉल फाटली असेल तर पंक्चर किटही कामाचं नसतं.

माझं मत विचाराल तर शहरात आणि पुणे-मुंबई पट्ट्यात फिरणाऱ्याने साधे टायर घ्यावेत. कोकणात किंवा विदर्भात एकट्याने लांब जाणाऱ्याने रन-फ्लॅट ठेवावेत, त्यांचा कडकपणा सोसून. गाडी वॉरंटीत असेल तर बदलण्याआधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी उत्तर घ्या.

सावधान : चारपैकी दोन रन-फ्लॅट आणि दोन साधे अशी खिचडी करू नका. साइडवॉलचा कडकपणा वेगळा असतो, त्यामुळे गाडीचं दोन्ही टोकांचं वागणं जुळत नाही.

टप्पा ५ : दोन की चार, आणि नवे कुठे

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे मागचे टायर आधी संपतात, हे ठरलेलंच. पुढचे ४ मिलिमीटरच्या वर आणि चार वर्षांच्या आतले असतील, तर फक्त मागची जोडी बदला. तीही शक्यतो पुढे आहे त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची. खोली त्यापेक्षा कमी किंवा वय जास्त असेल तर चारही बदला.

एकच टायर कधीही बदलू नका. मागे डावा ७ मिलिमीटर आणि उजवा ३, तर सरळ रस्त्यावरही दोन्ही चाकं वेगळ्या वेगाने फिरतात आणि डिफरन्शियलला (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरला) सतत काम पडतं. लिमिटेड-स्लिप, म्हणजे हा वेगातला फरक रोखून धरणाऱ्या, डिफरन्शियलच्या गाडीला हे महागात पडतं.

चारही चाकं एकाच मापाची असतील आणि दोनच नवे घ्यायचे असतील, तर नवे मागे टाका आणि मागचे चांगले असतील तर पुढे आणा. ‘स्टिअरिंग पुढे असतं, नवे पुढे टाका’ हा सल्ला सर्रास मिळतो. पुढची पकड सुटली तर गाडी वळायला तयार होत नाही, पाय काढला की बहुधा सावरते. मागची सुटली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि ते सावरायला जो हात लागतो तो आपल्यातल्या बहुतेकांकडे नसतो.

आणखी एक खोड : मागचे लवकर झिजतात म्हणून मागे स्वस्त टायर आणि पुढे भारी. गाडीची सगळी ताकद ज्या दोन तळहाताएवढ्या ठशांवरून रस्त्यावर उतरते, नेमकं तिथेच काटकसर. याहून उलटा व्यवहार सापडणं कठीण.

टप्पा ६ : आता टायरची जात आणि मग नाव

ढोबळमानाने दोन जाती. एक आरामाचे टायर : मिशेलिन प्रायमसी, ब्रिजस्टोन टुरान्झा ही घराणी. शांत चालतात, जास्त टिकतात. दुसरे परफॉर्मन्सचे : मिशेलिन पायलट स्पोर्ट, पिरेली पी झीरो, गुडइयर ईगल एफ१, ब्रिजस्टोन पोटेंझा. पकड जास्त, रबर मऊ, झीज लवकर.

अडीचशे हॉर्सपॉवरच्या मागच्या चाकांना मी दुसरी जात सुचवेन, अगदी गाडी सावकाश चालवणाऱ्यालाही; कारण अचानक ब्रेक आणि ओलं वळण सावकाश चालवणाऱ्यालाही येतं. वर्षाला तीस हजार किलोमीटर हायवेवर जात असतील, तर मात्र पहिल्या जातीतला डब्ल्यू किंवा वाय अक्षराचा टायर समजण्यासारखा आहे.

परदेशी वेबसाइटवर ‘समर’, ‘ऑल-सीझन’, ‘विंटर’ असे प्रकार दिसतात. समर टायरचं रबर ७ अंशांच्या वर नीट काम करतं. महाराष्ट्रात आणि गोव्यात त्याखाली पारा क्वचितच जातो, म्हणून आपल्याला समर. पावसासाठी ते चालणार नाहीत, हा गैरसमज आहे; चांगला समर टायर ओल्या रस्त्यालाही उत्तम असतो.

साइडवॉलवर ‘ट्रेडवेअर’चा आकडा असतो, २२०, ३४० वगैरे. मोठा आकडा म्हणजे जास्त टिकाऊ. मात्र तो आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून एकाच कंपनीच्या दोन टायरमध्ये तुलना करा. दोन कंपन्यांत लावलीत तर फसाल. त्याच ओळीत ‘ट्रॅक्शन’ असतं, ते ओल्यातल्या सरळ ब्रेकिंगचं अक्षर : एए किंवा निदान ए हवं.

टप्पा ७ : विकत घेताना

फोनवर विचारताना पूर्ण ओळ वाचून दाखवा : माप, भार, वेग, रन-फ्लॅट की साधा, खूण. ‘३३०आयचे टायर आहेत का?’ असं विचारलंत तर जे पडून आहे तेच मिळेल.

१२ जून २०२० पासून नव्या टायरची आयात निर्बंधित यादीत गेली. मोठ्या मापांचे काही टायर त्यामुळे कधी मिळतात, कधी मिळत नाहीत. म्हणून टायर ३ मिलिमीटरवर यायची वाट न बघता ४ वरच चौकशी सुरू करा. घाईत घेतलेला टायर म्हणजे दुकानदाराला खपवायचा असलेला टायर.

पैसे देण्याआधी टायर गोदामातून बाहेर काढायला लावा आणि स्वतः बघा :

– तारीख. एक वर्षाच्या आतला उत्तम, दोन वर्षांच्या वरचा नको. जोडीतल्या दोघांच्या तारखांत फार अंतर नको.
– आयएसआय खूण. भारतात विकल्या जाणाऱ्या कारच्या टायरवर ती असायलाच हवी. नसेल तर माल कुठून आला ते विचारा.
– बिलावर दोन्ही टायरचे अनुक्रमांक. पुढे वॉरंटीचा दावा करताना हीच ओळ कामी येते.

भाव जुन्या कोटेशनशी ताडून बघत असाल तर लक्षात घ्या, २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या कारच्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ झाला आहे. बिल नको म्हटलं तर कमी लावतो, असं कुणी म्हटलं तर उठून या.

टप्पा ८ : दुकानात उभं राहा

चहा प्यायला जाऊ नका. रन-फ्लॅटची साइडवॉल कडक असते, साध्या मशीनवर ती बळजबरीने चढवली की टायरची कड फाटते किंवा रिम ओरखडते. मदतीचा जादा हात असलेलं मशीन हवं. ते नसेल तर काम करून घेऊ नका.

चढवताना चार गोष्टी बघा. जुना व्हॉल्व्ह किंवा सेन्सरची सील बदलली का. ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर आहे का. बाणाची खूण असेल तर बाण पुढच्या दिशेने आहे का. आणि २५५ मागेच गेलेत का. हसू नका, उलट बसवलेली गाडी मी पाहिली आहे.

बोल्ट एअर गनने धाडधाड आवळू देऊ नका. हाताने बसवून, एकाआड एक, शेवटी टॉर्क रेंचने. सध्याच्या ३ सिरीजसाठी १४० न्यूटन-मीटर, तरी आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेत बघून घ्या. शंभर किलोमीटरनंतर एकदा पुन्हा तपासा.

मग अलाइनमेंट, चारही चाकांची. मागची चाकं तिरकी असतील आणि फक्त पुढची सरळ केली, तर गाडी खेकड्यासारखी चालते आणि स्टिअरिंग वाकडं राहतं. म्हणून आधी मागची, मग पुढची. ‘मागचं सेट होत नाही साहेब’ असं उत्तर मिळेल. ३ सिरीजमध्ये मागचा कोन आणि टो दोन्ही सेट होतात. बोल्ट गंजून अडकले असतील, तर तसं स्पष्ट सांगायला लावा. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची प्रिंट घेऊनच निघा.

टप्पा ९ : पहिले तीनशे किलोमीटर आणि त्यानंतर

हवा स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना. पुढचा आणि मागचा आकडा वेगळा असतो. पंपावरचा मुलगा विचारल्याशिवाय चारही चाकांत ३५ भरतो, त्याला आकडे आधीच सांगा. नंतर गाडीच्या मेनूत जाऊन टायरच्या दाबाची नोंद रीसेट करा. हे राहिलं तर चुकीची सूचना येत राहते, आणि मालकाला ती दुर्लक्षित करायची सवय लागते.

नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटताना राहिलेला निसरडा थर असतो. पहिले ३०० किलोमीटर जोरात पळवणं, जोरात वळणं, जोरात ब्रेक, सगळं बंद. ओल्या रस्त्यावर तर नक्कीच. ‘नवे टायर टाकलेत, बघू पकड’ म्हणून ट्रॅक्शन कंट्रोल बंद करणारे असतात. त्यांच्या गाडीत बसू नका.

पुढे महिन्यातून एकदा थंड हवा तपासा आणि पाच हजार किलोमीटरला मागच्या आतल्या कडेची खोली मोजून त्याच जुन्या कागदावर लिहा. पुढे-मागे वेगळ्या मापाच्या जोडीत टायर पुढून मागे फिरवता येत नाहीत, त्यामुळे वेळेत सूचना देणारा हा एवढा एकच आकडा आहे. आतली कड बाहेरच्यापेक्षा एक मिलिमीटरने मागे पडली की अलाइनमेंटची प्रिंट घेऊन त्याच दुकानात जा.